किल्ली मिळाली; ताबा मिळाला काय?

घर पाहावे बांधून, ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळात घर बांधविणारा आणि त्या घरात राहणारा माणूस बहुधा एकच असे. पाया केवढा खोल घेतला, चुन्यात वाळू किती पडली, सुताराने दाराची चौकट सरळ बसविली की नाही, हे तो रोज उभे राहून पाही. आणि छप्पर चढले की मुलाबाळांसह राहावयास जाई. त्याला ताबा कोणी द्यावयाचा नसे. आजच्या शहरातील मध्यमवर्गीय माणसाची स्थिती याहून अगदी वेगळी आहे. तो घर बांधीत नाही. दुसरा बांधणार असलेल्या घरासाठी पैसे आगाऊ भरतो, कर्ज काढतो, आणि मग तीन-चार किंवा त्याहूनही अधिक वर्षे वाट पाहतो. या प्रतीक्षेच्या शेवटी, बहुधा दसरा किंवा गुढीपाडवा साधून, विकासकाच्या कचेरीत एक छोटासा समारंभ होतो, पेढे वाटले जातात आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हाती ठेवण्यात येतो. घर मिळाले, असे त्या क्षणी त्याला वाटते. कायद्याच्या दृष्टीने ते त्याला मिळालेले असतेच असे नाही.

विकत घेतलेल्या घराचा ताबा केव्हा घेता येतो, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांच्या कचेरीतला वाटेल. वस्तुतः तो असंख्य कुटुंबांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याला आज आम्ही पहिल्या पानावर जागा दिली आहे. प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे. महानगरपालिकेने किंवा त्या त्या नियोजन प्राधिकरणाने इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र दिल्यानंतरच ताबा देता येतो आणि घेता येतो. त्याआधी जे मिळते ती केवळ किल्ली होय. हे उत्तर नवे नाही, गूढ नाही, आणि त्याविषयी न्यायालयांत मतभेदही नाही. तरीसुद्धा ते रोज धाब्यावर बसविले जाते, आणि बसविणाऱ्यांत विकासकाबरोबर खरेदीदाराचाही हात असतो. असे का व्हावे, याचा विचार केल्याखेरीज नुसत्या कायद्याच्या घोषाने काही साधणार नाही.

प्रथम हे प्रमाणपत्र म्हणजे काय ते स्पष्ट करू. बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळाला, याचा अर्थ बांधण्यास परवानगी मिळाली एवढाच. वास्तुविशारदाने काम पूर्ण झाल्याचे पत्र दिले, याचा अर्थ विकासकाच्याच बाजूच्या एका जाणकाराने तसे कळविले एवढाच. भोगवटा प्रमाणपत्र या दोहोंपलीकडचे आहे. इमारत मंजूर नकाशाबरहुकूम उभी राहिली आहे, मजले वाढविलेले नाहीत, जिना व मोकळी जागा गिळलेली नाही, अग्निशमनाची व्यवस्था झाली आहे, पाणी व सांडपाणी यांची सोय आहे आणि म्हणून येथे माणसांनी राहावे, असे सार्वजनिक सत्तेने केलेले ते विधान आहे. मोठ्या प्रकल्पात काही इमारतींना किंवा काही मजल्यांना अंशतः प्रमाणपत्रही मिळते; तेव्हा आपला मजला व आपली सदनिका त्यात आहे की नाही हे पाहणे अगत्याचे असते. वस्तू व सेवा कराचा कायदासुद्धा हीच रेषा मानतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या गेलेल्या सदनिकेवर तो कर लागत नाही, त्याआधी विकलेल्या सदनिकेवर लागतो. सरकारच्या तिजोरीलाही घर केव्हा 'घर' होते ते या कागदावरूनच कळते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. मालकी हक्काच्या सदनिकांचा व्यवहार मुंबईत वाढू लागला तसे त्यातील गैरप्रकारही वाढले, आणि १९६० मध्ये, राज्याच्या स्थापनेच्याच महिन्यात, शासनाने त्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. जून १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा जन्मास आला, जो पुढे 'मोफा' या आखूड नावाने सर्वपरिचित झाला. किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीही लेखी करारनामा केला पाहिजे, ठरलेल्या तारखेस ताबा न मिळाल्यास पैसे नऊ टक्के व्याजाने परत केले पाहिजेत, अशी बंधने त्याने घातली. ताब्याविषयी तर त्या कायद्याचे तिसरे कलम अत्यंत स्पष्ट आहे. स्थानिक संस्थेने पूर्णत्वाचा दाखला दिल्याशिवाय विकासकाने कोणास ताबा घेऊ देऊ नये, आणि कोणीही तो घेऊ नये, असे ते सांगते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातही परवानगीवाचून इमारतीत राहणे आणि दुसऱ्यास राहू देणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. मनाई दोघांनाही आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग सुशिक्षित, कायदा मानणारा, शेजाऱ्याच्या झाडाचे फूलही न विचारता न तोडणारा माणूस प्रमाणपत्राविना घरात राहावयास जातो तो का? त्याचे उत्तर त्याच्या महिन्याच्या जमाखर्चात आहे. समजा, एका गृहस्थाने ८० लाख रुपयांचे घर घेतले. ३० लाख स्वतःच्या पुंजीतून घातले आणि ५० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्के व्याजाने काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ४३ हजार ४०० रुपये होतो. तो आज राहतो त्या भाड्याच्या घराचे २५ हजार रुपये वेगळेच. म्हणजे जे घर आहे त्याचे भाडे आणि जे घर नाही त्याचा हप्ता, असा दुहेरी भार तो दरमहा वाहतो. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आलेला असतो, मुलांच्या शाळेचे नवे वर्ष जूनमध्ये उभे राहिलेले असते, घरमालक भाडे वाढवून मागत असतो. अशा वेळी विकासक म्हणतो, "प्रमाणपत्राचे काम महापालिकेत शेवटच्या टेबलावर आहे; तोवर आपण फर्निचर करून घ्या." या प्रस्तावाला नकार द्यावयास जो निग्रह लागतो तो पोथीतला आहे, संसारातला नव्हे.

या सवलतीला आता 'फिट-आउट ताबा' असे भारदस्त नाव मिळाले आहे. सुतारकाम आणि रंगकाम करण्यापुरती किल्ली, असा त्याचा उघड अर्थ. त्यासोबत एका छापील पत्रावर खरेदीदाराची सही घेतली जाते. जागेची मी पाहणी केली असून माझी कोणतीही तक्रार नाही, प्रमाणपत्राच्या विलंबाबद्दल मी काही मागणार नाही, देखभालखर्च आजपासून देईन, अशा आशयाची वाक्ये त्या पत्रात बारीक अक्षरांत असतात. सुतारकाम संपते, वास्तुशांत होते, आणि मग सामान हलते. पाहता पाहता सगळी इमारत भरते. बाहेरून पाहणाऱ्यास ती इतर इमारतींसारखीच दिसते. नळाला मात्र पाण्याऐवजी टँकर येतो.

येथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. विकासकाने खरेदीदारावर उपकार केला, असा देखावा उभा राहिला. प्रत्यक्षात जी जबाबदारी व जो धोका विकासकाच्या माथ्यावर होता, तो त्या दिवशी खरेदीदाराच्या माथ्यावर आला. जोवर इमारत रिकामी असते तोवर प्रमाणपत्र आणण्याची निकड विकासकाला असते. ती भरली की ती निकड संपते. बांधकामातील दोषांची पाच वर्षांची हमी ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते. ती तारीखही या अर्ध्यामुर्ध्या ताब्यापासूनच धरावी, असे म्हणावयास विकासकाला तोंड मिळते. पुढे प्रमाणपत्र अडले तर अर्ज-विनंत्यांसाठी पालिकेच्या पायऱ्या झिजवावयाच्या त्या रहिवाशांनी.

या पायऱ्या किती वर्षे झिजवाव्या लागतात, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ जानेवारी २०२२ च्या एका निकालात आहे. मुंबईतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना १९९७ मध्ये सदनिकांचा ताबा मिळाला होता; भोगवटा प्रमाणपत्र मात्र मिळाले नव्हते. त्यापायी त्यांना मालमत्ता कर पंचवीस टक्के अधिक आणि पाणीपट्टी पन्नास टक्के अधिक भरावी लागत होती. २०१४ मध्ये ग्राहक आयोगाचा हुकूम झाला, तोही अंमलात आला नाही. पुढे जादा भरलेल्या रकमेची मागणी केली तर मुदत टळल्याच्या कारणाने ती फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि सांगितले की, प्रमाणपत्र मिळवून न देणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ती रोज नव्याने घडत राहणारी चूक आहे. निकाल न्याय्य होता, यात शंका नाही. परंतु १९९७ साली किल्ली घेणाऱ्या तरुण दांपत्याची त्या निकालापर्यंत पंचवीस वर्षे गेली होती.

हे नुकसान निदान पैशांत मोजता येते. याहून भयंकर उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात १९८० च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना एक इमारत सतरा व दुसरी वीस मजल्यांपर्यंत चढली. घरे घेणारी माणसे चांगली शिकलेली, कमावती होती. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजले पाडण्याच्या बाजूने निर्णय दिला, आणि जून २०१४ मध्ये वीज, पाणी व गॅस तोडण्यासाठी पालिकेची पथके दारात येऊन उभी राहण्याचा प्रसंग त्या रहिवाशांवर आला. त्याच वर्षी, ४ एप्रिल २०१३ रोजी, मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. वरचे काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहावयास आली होती. तेथील गोरगरिबांची गोष्ट आणि वरळीच्या उच्चभ्रूंची गोष्ट एक नव्हे, हे खरे. पण माणसे आत जाण्यापूर्वी कोणीतरी अधिकाराने इमारत तपासावी, हा जो भोगवटा प्रमाणपत्राचा हेतू, तो दोन्ही ठिकाणी सारखाच पायदळी तुडविला गेला होता.

आता कायद्याने खरेदीदाराच्या हाती काय दिले आहे ते पाहू. स्थावर संपदा अधिनियम, म्हणजे ज्याला सर्व लोक 'रेरा' म्हणतात तो कायदा, २०१६ मध्ये संसदेने संमत केला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णतः अंमलात आला. पाचशे चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी त्याने आवश्यक केली. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावयाची, असे ठरविले. करारात लिहिलेल्या तारखेस ताबा मिळाला नाही तर खरेदीदारापुढे दोन मार्ग त्याने मोकळे ठेवले. एक, प्रकल्पातून बाहेर पडून सर्व रक्कम व्याजासह परत घ्यावयाची. दोन, प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या विलंबाचे व्याज घ्यावयाचे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार हे व्याज स्टेट बँकेच्या कर्जदरांतील विहित उच्चतम दराहून दोन टक्के अधिक असते. उलट भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांच्या आत प्रत्यक्ष ताबा घेणे हे खरेदीदाराचेही कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे ताब्याचे घड्याळ दोघांसाठीही प्रमाणपत्राच्या ठोक्यापासूनच चालू होते.

न्यायालयांनीही हा कायदा खरेदीदाराच्या बाजूने उदारपणे वाचला आहे. नोंदणी करताना विकासकाने पूर्णत्वाची नवी तारीख दिली म्हणून खरेदीदाराशी केलेल्या करारातील जुनी तारीख पुसली जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. ताब्यासाठी कोणासही अनंत काळ थांबावयास लावता येणार नाही, आणि करारात तारीखच नसेल तर सामान्यतः तीन वर्षे ही वाजवी मुदत होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. ताबा स्वीकारला म्हणून विलंबाच्या भरपाईचा हक्क गेला असे होत नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. जानेवारी २०२१ च्या निकालात तर न्यायालयाने एकाच प्रकल्पातील खरेदीदारांचे दोन गट केले. ज्यांच्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले होते त्यांनी विलंबाची भरपाई घेऊन ताबा घ्यावा. ज्यांच्या इमारतींना ते मिळाले नव्हते त्यांना पैसे परत मिळावेत. २०२४ मध्ये आग्रा विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पूर्णत्वाच्या दाखल्यावाचून देऊ केलेला ताबा हा कायदेशीर ताबाच नव्हे, असा निर्वाळा मिळाला. आणि तेथे विकासक म्हणून एक सरकारी संस्थाच उभी होती.

कायदा असा सबळ, न्यायालये अशी जागरूक, तरी प्रमाणपत्राविना भरलेल्या इमारती मुंबईत आणि तिच्या उपनगरांत हजारोंनी आहेत. आमच्या मते याचे मुख्य कारण पैशांच्या हप्त्यांत दडलेले आहे. महाराष्ट्राच्या नियमांना जोडलेल्या करारनाम्याच्या नमुन्यात किंमत कोणत्या टप्प्यावर किती घ्यावी याचे कोष्टक आहे. करारानंतर तीस टक्क्यांपर्यंत, जोता पूर्ण झाल्यावर पंचेचाळीस, स्लॅब पूर्ण झाल्यावर सत्तर, आतील भिंती, गिलावा, फरशी व दारे-खिडक्या झाल्यावर पंचाहत्तर, बाहेरचा गिलावा झाल्यावर पंच्याऐंशी, आणि उद्वाहने, पंप व विजेची कामे झाल्यावर पंच्याण्णव टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा घेण्याच्या वेळी खरेदीदाराच्या हाती उरतात ते पाच टक्के. वर ज्या गृहस्थाचा हिशेब मांडला त्याच्या बाबतीत ही रक्कम चार लाख रुपये होते. प्रमाणपत्र दोन वर्षे रेंगाळले तर तो नुसत्या भाड्यापोटी सहा लाख रुपये भरतो. ज्याच्या हातातील लगाम चार लाखांचा आणि ज्याचा तोटा सहा लाखांचा, तो किती काळ ताठ उभा राहील? तो वाकतो, सही करतो आणि किल्ली घेतो. आपल्या नियमांनीच त्याला असा दुबळा करून ठेविला आहे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, हे कोष्टक बदलावे. किमतीचा किमान पंधरा टक्के भाग भोगवटा प्रमाणपत्राशी बांधला जावा. विकासकांची अडचण आम्हांस कळते. शेवटच्या टप्प्यातील कामालाही पैसा लागतोच. त्यासाठी ही रक्कम बँकेत तिऱ्हाइताच्या ताब्यातील खात्यात ठेवावी, म्हणजे ती बुडण्याची भीती विकासकाला नाही आणि ती हातची गेल्याची भीती खरेदीदाराला नाही. ज्या दिवशी प्रमाणपत्राची प्रत बँकेस मिळेल त्या दिवशी ती विकासकाच्या खात्यात जाईल. प्रमाणपत्राची घाई आज ज्या एका पक्षाला आहे, ती अशाने दोघांनाही लागेल.

दुसरी सूचना महानगरपालिकांसाठी आहे, आणि ती तितकीच तातडीची आहे. साऱ्या विलंबाचे खापर विकासकावर फोडणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. काम चोख असून, सर्व ना-हरकत पत्रे हाती असूनही प्रमाणपत्राची नस्ती टेबलावरून टेबलावर फिरत राहते, ही प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. अशा दिरंगाईतच चिरीमिरीचे बीज असते, आणि त्याची किंमत अखेर घराच्या किमतीत मिसळून खरेदीदारच मोजतो. अर्ज आला की ठरलेल्या दिवसांत एकतर प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर नकाराची कारणे लेखी द्यावीत, आणि ती कारणे खरेदीदारांनाही पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करावीत. शिकविण्याच्या कामात ज्यांची हयात गेली त्यांना ठाऊक आहे की, उत्तरपत्रिका वेळेवर तपासून न देणारा परीक्षक हुशार आणि नापास दोघांवरही सारखाच अन्याय करतो.

तिसरी गोष्ट नवी सुचविण्याची गरजच नाही. ती सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी सांगून ठेविली आहे. मेरठच्या एका अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणात निकाल देताना न्यायालयाने साऱ्या देशासाठी निर्देश दिले. प्रमाणपत्र मिळाल्यावरच इमारत राहणाऱ्यांच्या हवाली करीन, असे हमीपत्र बांधकाम-परवानगी देतानाच विकासकाकडून घ्यावे. वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय देऊ नये. आणि बँकांनीही इमारत तारण घेऊन कर्ज देण्यापूर्वी ते प्रमाणपत्र तपासावे, असा त्यांचा आशय आहे. हे निर्देश कागदावर राहिले तर त्यांचीही गत १९६३ च्या कलमासारखीच होईल. एका खात्याने मनाई करावयाची, दुसऱ्याने तेथेच विजेचा मीटर बसवावयाचा आणि तिसऱ्याने दंडात्मक दराने कर वसूल करून तिजोरी भरावयाची, या विसंगतीतून नागरिकाने कोणता बोध घ्यावा? दंड भरला की चालते, हाच.

चौथी गोष्ट हुकूमांच्या वसुलीची. महारेराने व्याजाचा किंवा परताव्याचा आदेश दिला, आणि विकासकाने तो पाळला नाही, तर ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तेथे ते इतर शेकडो कामांच्या ढिगात पडते. ज्याच्या बाजूने निकाल लागला तोच माणूस निकालाची प्रत घेऊन तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत हेलपाटे घालताना दिसतो. महसूल खात्यात या वसुलीसाठी स्वतंत्र व जबाबदार अधिकारी नेमल्याखेरीज खरेदीदाराचा कायद्यावर विश्वास बसणार नाही, आणि विश्वास बसला नाही तर तो किल्ली घेऊन मोकळा होईल.

खरेदीदारालाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागावी. ती खरी आहे की नाही हे महापालिकेच्या नोंदीत पाहावे. कल्याण-डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला, कारण तेथे पालिकेच्या परवानग्याच बनावट होत्या आणि त्यांच्या आधारावर रेराची नोंदणी मिळविलेली होती. छापील कागदावर विसंबून राहण्याचे दिवस गेले. करारातील तारीख आणि महारेराच्या संकेतस्थळावरील तारीख यांत फरक असेल तर करारातील तारीख विसरू नये. हक्क सोडल्याच्या पत्रावर सही करू नये. आणि परिस्थितीपुढे नाइलाज होऊन करावीच लागली तर आपला निषेध त्याच दिवशी लेखी नोंदवावा. मुख्य म्हणजे एकट्याने लढू नये. शंभर सदनिकांच्या इमारतीत एकाने किल्ली नाकारली तर त्याला हेकट म्हणतात. साठांनी नाकारली तर विकासक महापालिकेत धाव घेतो.

जुने, वापरातले घर घेणाऱ्यासही हाच विचार लागू आहे, जरी तेथील रीत थोडी निराळी आहे. मूळ इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, आणि खरेदीखत, पैशांचा अखेरचा भरणा व रिकामा ताबा या तीन गोष्टी शक्यतो एकाच दिवशी उरकाव्यात. दस्त नोंदला गेला म्हणजे घर रिकामे झाले असे नव्हे. आत भाडेकरू असेल तर तो निघाल्याचे डोळ्यांनी पाहावे, सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे, आणि ताबापावती तारीख-वेळेसह लिहून घ्यावी. विश्वासाने व्यवहार करणे चांगले. परंतु तो विश्वास कागदावर उतरविण्यास समोरचा सज्जन हरकत घेत नाही.

शेवटी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. प्रमाणपत्राविना आज जे हजारो लोक राहत आहेत त्यांनी कोठे जावे? त्यांना रस्त्यावर काढावे असे कोणीही म्हणणार नाही. जेथे त्रुटी तांत्रिक आहेत आणि इमारत सुरक्षित आहे तेथे वाजवी शुल्क घेऊन, आणि शक्य तेथे ते मूळ विकासकाकडून वसूल करून, प्रमाणपत्र द्यावे, हे दयेचे व शहाणपणाचेही आहे. परंतु अशी सवलत वारंवार दिली गेली की ती नव्या विकासकाच्या जाहिरातीचा अलिखित भाग होऊन बसते. गेलेल्या काळाला क्षमा करावयाची असेल तर येणाऱ्या काळासाठी दार पक्के बंद करावे लागेल.

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो. त्यासाठी बायकोचे दागिने गहाण पडतात, वडिलांच्या निवृत्तीचा पैसा लागतो, आणि वीस वर्षांचे पगार आधीच खर्ची पडतात. एवढे मोल देणाऱ्याला किल्लीबरोबर एक कागदही मिळावा, एवढीच अपेक्षा आहे. १९६३ साली या राज्याने ती मान्य केली. शासनाने आता हप्त्यांचे कोष्टक आणि प्रमाणपत्राची मुदत या दोन गोष्टी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात हाती घ्याव्यात. त्यासाठी नवी समिती नको. तिचे काम १९६१ सालीच झालेले आहे.